जुन्या १६१३ चा फीड पंप: किट, स्वस्तातला की अस्सल?

टाटा एसई १६१३, नाकवाली, ६९७ टर्बो इंजिन, त्यावर मायकोचा डिझेल पंप. सीझन चालू असला की बिद्री आणि भोगावती साखर कारखान्याला ऊस, सीझन सुटला की कोकणातनं चिरा (जांभा दगड), असं आमच्या गाडीचं वर्ष जातं. या एकाच गाडीवर फीड पंपाचे तिन्ही मार्ग वापरून झालेत. जुन्या बॉडीत किट (आतल्या बदली तुकड्यांचा संच) टाकलं, बाजारातला स्वस्तातला पंप बसवला आणि गेल्या पावसाळ्याआधी बॉशचा अस्सल नवा पंप घेतला. तिन्हींचा अनुभव खाली लिहितोय. ज्यांची गाडी आत्ता रस्त्यात उभी आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो: पंपाच्या आतल्या दांडीचं भोक झिजलं असेल तर किटच्या नादाला लागू नका, सरळ अस्सल पंप घ्या. आणि पैसे मोजायच्या आधी खराबी खरोखर पंपात आहे ना, एवढं बघा. धडधाकट पंप काढून भंगारात गेलेले मी डोळ्यांनी पाहिलेत.

नव्यानं ट्रक घेतलेल्या पोरांचा इथं नेहमी गोंधळ होतो. ज्याच्यातनं नोझलकडं सहा नळ्या निघतात तो डिझेल पंप. त्याच्या कडेला तीन नटांवर बसलेला, वर हातानं मारायचा दट्ट्या असलेला छोटा तो फीड पंप. टाकीतलं डिझेल ओढून आणायचं, दोन्ही फिल्टरमधनं पुढं ढकलायचं आणि डिझेल पंपाच्या गॅलरीत, म्हणजे त्याच्या आतल्या डिझेलच्या कप्प्यात, साधारण एक-दीड बार दाबानं सतत भरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. डिझेल पंपाच्या कॅमशाफ्टवर त्याच्यासाठी एक वेगळा उंचवटा असतो. तो रोलरला ढकलतो, रोलर एका बारीक दांडीला आणि दांडी आतल्या प्लंजरला. उंचवटा सरकला की स्प्रिंग प्लंजरला परत आणते, आणि डिझेल फिल्टरकडं जातं ते या परतीच्या स्ट्रोकला. म्हणजे डिझेलला पुढं ढकलणारा जोर स्प्रिंगचा, कॅमचा नाही. पुढं दाब भरला की स्प्रिंग तिथंच अडते, प्लंजर अर्ध्यावर थांबतो आणि दांडी नुसती रिकामी हलत राहते. इंजिनाला लागेल तेवढंच डिझेल जातं, आणि त्यासाठी ना वायर लागते ना सेन्सर. ज्यानं हे पहिल्यांदा जुळवलं त्याच्या बुद्धीला माझा मनापासून नमस्कार आहे.

हे इंजिनही तसंच. सहा सिलेंडर, ९७ मिलिमीटर बोअर, १२८ स्ट्रोक, ५६७५ सीसी. मर्सिडीजच्या ओएम ३५२ इंजिनाची मापं नेमकी हीच. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९५४ साली डाइमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले, त्या नात्यातनं आलेलं हे घराणं. डिझेल पंप बनवणारी मायको १९५१ साली बंगळूरला निघाली, पुढं नाशिकला सातपूरला कारखाना आला, तिथला मायको सर्कल सगळ्यांना माहीत आहे. २००८ पासून कंपनीचं नाव बॉश लिमिटेड. जुन्या गाडीवाल्याला या इतिहासाचा उपयोग असा की एवढ्या गाड्या रस्त्यावर असल्यामुळं या इंजिनाचं सामान आजही मिळतं. आणि त्याच कारणानं त्याची नक्कलही भरपूर होते.

आता पंप गेला हे ओळखायचं कसं. पहिली खूण घाटात दिसते. चिरा भरून फोंड्यातनं दाजीपूरकडं चढताना जे कळतं ते सपाटीला कळत नाही. जे वळण नेहमी तिसऱ्या गिअरला निघतं तिथं दुसरा टाकावा लागतो, मग पहिला. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, इंजिनाचा आवाज एका जागी अडकल्यासारखा, आणि धूर मात्र अजिबात नाही. ही धुराची गोष्ट ध्यानात ठेवा. नोझल टपकत असतील किंवा हवा कमी पडत असेल तर गाडी काळा धूर ओकते. डिझेलच कमी पोचत असेल तर धूरही नाही आणि ओढही नाही. पिकअप गेलं म्हटलं की कित्येक जण थेट नोझल काढून टेस्टिंगला पाठवतात, त्यांनी आधी आरशात मागचा धूर बघावा.

दुसरी खूण सकाळची. रात्रभर उभ्या गाडीला सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, आणि हातानं दट्ट्या मारल्यावर मात्र गाडी लगेच चालू होते. रात्रीत डिझेल टाकीकडं परत उतरलेलं असतं. तिसरी खूण इंजिनातलं ऑईल मोजायच्या पट्टीवर असते. तिच्याबद्दल पुढं सविस्तर लिहितो, कारण ती सगळ्यात घातक.

पण या पहिल्या दोन्ही खुणा नळीत एअर, म्हणजे हवा, असली तरी तशाच दिसतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीची असते, दाबाची नाही. तिथं चीर पडली तर डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत जाते. बाहेरनं सगळं कोरडं दिसतं म्हणून संशय येत नाही, आणि नाव पंपाचं जातं. आमचे मिस्त्री मुदाळ तिट्ट्याजवळ बसतात, वय झालंय पण कान शाबूत आहेत. गाडी घेऊन गेलो की पहिलं वाक्य ठरलेलं, "मालक, पंपाला कशाला बदनाम करताय? आधी नळी बघू."

त्यांची तपासायची पद्धत अशी आहे आणि ती कुणालाही करता येते. फीड पंपाची टाकीकडची नळी सोडायची. एका स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेऊन तो कॅन बोनेटजवळ पंपापेक्षा उंच ठेवायचा आणि नव्या नळीनं थेट पंपाला जोडायचा. एअर काढून गाडी चालू करायची. कॅनवर गाडी झकास चालली तर पंप बहुतेक निर्दोष आहे, दोष टाकी आणि पंप यांच्या मधे कुठंतरी आहे. कॅनवरही तीच रड असेल तर मग पंपाकडं वळायचं. जोडायची नळी पारदर्शक घेतली तर आणखी चांगलं, बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

टाकीकडचे दोष तरी किती प्रकारचे. रबरी होज वरनं चांगला आणि क्लिपखाली चिरलेला. टाकीतली ओढनळी गंजून वरच्या बाजूला भोक पडलेली, म्हणजे टाकी भरलेली असेपर्यंत गाडी नीट आणि अर्ध्यावर आली की बंद. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र उसाच्या धुळीनं आणि चिखलानं बुजलेलं. हे शेवटचं तर फार होतं आमच्याकडं. शेतातनं गाडी निघते, थोडं अंतर नीट जाते, मग दम सोडते, थोडा वेळ उभी केली की परत चालते. झाकण सैल करताना आत हवा ओढल्याचा आवाज आला तर समजा तेच. ते छिद्र तारेनं मोकळं करायला एक पैसा लागत नाही.

पंपाखालची वाटीही उघडून बघावी. आत बारीक जाळी असते. तिच्यावर शेवाळासारखा काळा थर बसला की ओढ कमी होते. वाटीचं रबर कडक झालं असेल तर तिथनंही एअर घेते. हे सगळं बघून झालं, दोन्ही फिल्टर नवे आहेत, कॅनवरही गाडी रडते, तरच पंप खोला.

किटपासून सुरू करतो. किटमध्ये प्लंजर, स्प्रिंगा, दोन व्हॉल्व्हच्या चकत्या, ओ-रिंगा आणि पॅकिंगं येतात. व्हॉल्व्हच्या चकतीखाली कचरा अडकला असेल, चकतीची कड खाल्ली असेल किंवा स्प्रिंग थकली असेल तर किट हा चांगला उपाय आहे. खर्च अगदी कमी आणि जाणकार हात असेल तर काम झटपट होतं. आमच्या गाडीला किटनं एक अख्खा सीझन काढून दिला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण किटची एक मर्यादा कुणी दुकानदार सांगत नाही. रोलर आणि प्लंजर यांच्यामधली ती बारीक दांडी बॉडीच्या भोकात इतकी घट्ट मापात बसवलेली असते की दोन्हींमधनं डिझेल झिरपू नये. वर्षानुवर्षं पुढंमागं होऊन ते भोक झिजतं. झिजलेलं भोक किटमधल्या कुठल्याच तुकड्यानं भरून येत नाही. मग पंप दाब देतो, गाडी ओढते, सगळं ठीक वाटतं, आणि आतल्या आत दांडीच्या कडेनं डिझेल कॅमच्या बाजूला झिरपत राहतं.

हे तपासायलाही सोपं आहे. पंप काढून हातात घ्या, आत जायची नळी डिझेलच्या डब्यात, बाहेर जायचं भोक अंगठ्यानं घट्ट बंद, आणि दट्ट्या मारत राहा. अंगठ्याला दाब जोरात लागला पाहिजे आणि रोलरची बाजू कोरडी राहिली पाहिजे. रोलरच्या बाजूला डिझेल पाझरलं तर किटवर पैसे घालू नका.

आता स्वस्तातल्या पंपाबद्दल. नाव लिहीत नाही, कारण अशी नावं दर वर्षी बदलतात आणि डबा मात्र सारखाच दिसतो. ऐन सीझनला गाडी अडली होती, तोडणीची टोळी फडात, उसाचं वजन उन्हात घटतंय, कारखान्यावर नंबर लागलेला. अशा वेळी जवळच्या दुकानात जे असतं तेच बसवलं जातं. ज्याची गाडी उसाला लागलेली असते त्याला हे समजावून सांगायला नको. किंमत अस्सलच्या निम्म्यापेक्षाही कमी. बसवल्यावर गाडी एका सेल्फला चालू झाली, ओढही आली.

पुढं काय झालं ते पट्टीवर दिसलं. सकाळी ऑईल बघायची आमच्या ड्रायव्हरमामांची रोजची सवय आहे, गाडी चालू करण्याआधी पट्टी ओढल्याशिवाय ते चहासुद्धा घेत नाहीत. एक दिवस त्यांनी मला हाक मारली. पट्टीवरचं ऑईल वरच्या खुणेच्या वर गेलं होतं. जुनं इंजिन ऑईल खातं, वाढवत नाही. मामांनी पट्टीवरचा थेंब बोटाच्या चिमटीत घेऊन चोळला. ऑईल बोटांना चिकटतं, चिमूट उघडताना त्याची तार निघते. इथं तार निघाली नाही, बोटं पाण्यासारखी सुटी झाली, आणि नाकाजवळ नेल्यावर सरळ डिझेलचा वास. आमच्या गाडीत डिझेल पंपाला इंजिनाचंच ऑईल जातं, त्यामुळं फीड पंपाच्या दांडीतनं झिरपलेलं डिझेल कॅमच्या खोलीतनं थेट इंजिनाच्या ऑईल चेंबरमध्ये उतरत होतं. नव्या पंपाची दांडी पहिल्या दिवसापासून ढिली असणार, कारण एवढ्या थोड्या काळात ती झिजण्याचा प्रश्न नव्हता.

यात काय धोका आहे ते नीट समजून घ्या. पातळ झालेल्या ऑईलचा दाब गरम इंजिनाला पडतो. मेन बेअरिंग, बिग एंड आणि टर्बोचं बेअरिंग हे सगळं त्याच ऑईलवर जगतं. टर्बोचा शाफ्ट ऑईलच्या पातळ थरावर फिरतो, तो थर तुटला की टर्बो गेलाच. ड्रायव्हरमामांची सवय नसती तर पंपावर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च इंजिनावर आला असता. ऑईल आणि ऑईल फिल्टर त्याच दिवशी बदलला, पंप उतरवला. स्वस्तातले सगळेच पंप असे निघतात असं मी म्हणत नाही. कुणाला चांगलाही मिळाला असेल. पण आतली दांडी कशी बसवलीय ते डबा बघून कळत नाही, आणि कळतं तेव्हा ते ऑईलमध्ये कळतं. तुमच्या गाडीला असा पंप लागलेला असेल तर निदान पट्टी रोज बघा आणि ऑईल वाढलेलं दिसलं की गाडी जागेवर थांबवा.

अस्सल पंप आणायला कोल्हापूरला जावं लागलं, राधानगरी भागात तो मिळत नाही. शिरोली नाक्याच्या बाजूला अधिकृत विक्रेता आहे, तिथल्या काउंटरवरच्या माणसाचं काम मला मनापासून आवडलं. मी गाडीचं मॉडेल सांगितलं तर त्यानं मॉडेल लिहूनच घेतलं नाही. "जुना पंप आणलाय का? त्याच्यावरचा नंबर बघू," म्हणाला. बॉशच्या प्रत्येक पंपावर दहा अंकी-अक्षरी नंबर असतो. जुन्या पंपावर घाण आणि रंगाचा थर होता, त्यानं स्वतः वायर ब्रशनं तो साफ केला, भिंगातनं वाचला, कॉम्प्युटरवर टाकला आणि मगच डबा काढला. एकसारखे दिसणारे पंप असतात, पण नळ्यांची दिशा वेगळी, रोलरची उंची वेगळी, प्लंजरचं माप वेगळं असू शकतं. चुकीचा पंप नटांवर बसेलही, पण डिझेल पुरवणार नाही किंवा कॅमवर जास्त दाब देईल. म्हणून जुना पंप बरोबर न्या, निदान नंबराचा स्पष्ट फोटो न्या. पक्कं बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. फ्लँजचं (पंप जिथं टेकून बसतो त्या सपाट कडेचं) पॅकिंग आणि बँजो बोल्टचे (नळी जोडायच्या पोकळ बोल्टचे) नवे तांब्याचे वॉशर त्याच वेळी मागून घ्या, त्यासाठी परत खेप पडू नये.

हातात घेतल्यावर फरक कळतो का? कळतो. रोलर अंगठ्यानं दाबला की आत एकसारखा जातो, कुठं अडखळत नाही, सोडला की तसाच परत येतो. ओतीव बॉडीच्या कडांना खरबरीतपणा नाही, आट्या स्वच्छ, बोल्ट बोटानं शेवटपर्यंत फिरतो. दुकानातच टाकीकडच्या भोकावर बोट ठेवून दट्ट्या वर ओढला तर बोट आत खेचलं जातं. स्वस्तातल्या पंपाच्या आट्यांना बँजो बोल्ट अर्ध्यावरच तिरका धरत होता, ते मला तिथं उभ्या उभ्या आठवलं.

बसवायचं काम मिस्त्रींनी केलं आणि मी शेजारी उभा होतो. या कामात गडबड करायला फार वाव आहे म्हणून जरा तपशिलात लिहितो. आधी डिझेल पंपाचा सगळा भाग डिझेलनं धुवून फडक्यानं कोरडा केला, कारण पंप उतरवल्यावर तिथं उघडं भोक राहतं आणि चिमूटभर माती आत गेली तरी ती कॅमवर जाते. टाकीचा कॉक बंद केला. नळ्या सोडल्यावर त्यांच्या तोंडाला स्वच्छ प्लास्टिक बांधलं. मग तीन नट काढून पंप उतरवला.

नवा पंप हातानं लावून बघितला तर तो फ्लँजला टेकेना, बोटभर फट राहिली. इथंच बरेच जण नट आवळून पंप ओढून घेतात. मिस्त्री थांबले. कॅमचा उंचवटा वर आलेला असला की रोलर त्याच्यावर चढतो आणि आतली स्प्रिंग पंपाला बाहेर ढकलते. तसंच नट आवळले तर पंप तिरका बसतो, पॅकिंग एका बाजूनं चिरडतं आणि कधी फ्लँजचा कानही तुटतो. त्यांनी इंजिन हातानं थोडं फिरवलं, पंप परत लावला. या वेळी तो हाताच्या दाबानंच फ्लँजला येऊन टेकला. मग तिन्ही नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले.

तांब्याचे वॉशर नवेच घातले. नवे मिळत नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायचे, तांबं मऊ पडतं आणि परत धरतं. पण वॉशरवर चर पडलेली असेल तर तेही करू नका.

मग एअर काढणं. दोन फिल्टर आहेत, आधी कापडी, मग कागदी. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून दट्ट्या मारायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांशिवाय सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा, थांबून नाही. तसंच दुसऱ्या फिल्टरला, तसंच डिझेल पंपाच्या गॅलरीच्या स्क्रूला. नव्या पंपाचा दट्ट्या पहिल्यांदा सैल वाटला आणि मग एकदम भरला, हाताला कडक लागायला लागला, तेव्हाच मिस्त्रींच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. शेवटी दट्ट्या खाली दाबून आट्यांवर घट्ट फिरवून बसवायचा. तो सैल राहिला तर तिथनंच एअर घेतो आणि सगळी मेहनत वाया जाते. एवढं करूनही गाडी चालू होत नसेल तर नोझलकडचे पाइपचे नट सैल करून सेल्फ मारावा लागतो. आम्हाला ती वेळ आली नाही.

तेव्हापासूनचा हिशेब सांगतो. पावसाळ्यात गाडी आठवडा-आठवडा उभी राहते, तरी पहिल्या सेल्फला चालू होते. म्हणजे रात्रीत डिझेल मागं उतरत नाही, व्हॉल्व्ह धरतायत. त्यानंतर चिऱ्याच्या भरलेल्या गाड्या फोंडा घाटातनं आल्या, उसाचा सीझनही गेला, गाडीनं कुठं दम सोडला नाही. मामा रोज पट्टी बघतात, ऑईल जिथल्या तिथं असतं, उलट थोडं थोडं कमी होतं, जे या वयाच्या इंजिनाला साजेसंच आहे. कॅमच्या बाजूला डिझेलचा मागमूस नाही.

किंमत जास्त आहे, खरंय. जुन्या गाडीवर एवढे पैसे कशाला, असं घरात आणि अड्ड्यावर दोन्हीकडं ऐकून घेतलं. गाडीचं वय झालंय म्हणून सामान हलकं चालेल हा विचार मला अजिबात पटत नाही. नव्या इंजिनात एखादी खराबी खपून जाते, जुन्याला ती झेपत नाही. ज्या गाडीनं आमचं कर्ज फेडलं, बहिणीचं लग्न केलं, तिला मापात बसलेला पंप मिळायलाच पाहिजे.

जुन्या पंपाबद्दल एक सूचना. तो तिथल्या तिथं भंगारात देऊ नका. दट्ट्या, बँजो बोल्ट, वाटी आणि तिची जाळी काढून डिझेलनं धुवून डब्यात ठेवा, अस्सल तुकडे आहेत, रस्त्यात उपयोगी पडतात. बॉडी मात्र हातोडीनं फोडूनच भंगारात द्या. झिजलेल्या बॉडीत किट टाकून, रंग मारून ती नवी म्हणून विकली जाते, आणि ती परत तुमच्याच कुणा गाववाल्याच्या गाडीला लागायची.

गाडीत कायम ठेवायचं सामान: पारदर्शक नळीचा वावभर तुकडा, दोन-तीन क्लिपा, तांब्याचे वॉशर, वाटीचं एक रबर आणि एक स्वच्छ कॅन. यंदाच्या सीझनला मुदाळ तिट्ट्यावर एका पाहुण्याची गाडी याच लक्षणांनी उभी होती, नवीन पंप आणायला माणूस कोल्हापूरला निघाला होता. कॅन लावून बघितला तर पंप ठणठणीत, होजच क्लिपखाली चिरलेला. तेवढा तुकडा कापून नवा जोडला आणि गाडी संध्याकाळच्या आत कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली.